दोन भोकांमधलं अंतर

माझ्या पट्ट्याला भोक पाडायचं काम बाबांच्या सुट्टीच्या दिवशी व्हायचं. त्यांची सुट्टी कंपनीच्या शिफ्टप्रमाणे फिरायची, कधी मंगळवार, कधी शुक्रवार, त्यामुळे आमच्या घरात रविवारला काही विशेष किंमत नव्हती. सकाळी अंघोळ झाली की बाबा पुढच्या पडवीत पाट टाकून बसायचे, मला समोरच्या स्टुलावर बसवायचे आणि माझ्या उजव्या पायाचं कॅलिपर सोडवून मांडीवर घ्यायचे. ज्यांनी ते कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाच्या दोन्ही बाजूंनी बुटापासून मांडीपर्यंत गेलेल्या दोन लोखंडी सळ्या, आणि पोटरी, गुडघा आणि मांडी त्या सळ्यांना आवळून धरणारे चामड्याचे तीन पट्टे, बकलांचे. दोन वर्षांची असताना मला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा पाय गेला होता, एवढीच माझ्या पोलिओची हकिकत घरात सांगितली जायची. आई कॅलिपरला नुसतं लोखंड म्हणायची. ‘लोखंड घातलंस काय गो कुंदे?’ हे तिचं सकाळचं पहिलं वाक्य असायचं, चहाच्याही आधीचं.

चामडं घामानं सैल पडत जातं. बकलाची काडी शेवटच्या भोकात घातली तरी गुडघा आत हलतो, आणि मग अलीकडे आणखी एक भोक लागतं. उलट मी अंगानं भरले की तोच पट्टा रुतायचा, मग पलीकडे एक भोक. पहिली भोकं खिळ्याची होती. बाबा स्टोव्हवर खिळा लाल करायचे आणि सांडशीत धरून चामड्यात घुसवायचे. चर्र असा आवाज व्हायचा आणि जळक्या कातड्याचा वास दोन्ही खोल्यांत पसरायचा. त्याच वेळी आत आईनं वालाचं बिरडं टाकलेलं असायचं. ती म्हणायची, मसणात बसून जेवल्यासारखं वाटतं. खिळ्याच्या भोकाची कड जळून कडक व्हायची आणि महिन्याभरात तडकायची. मग बाबांनी गोणी शिवायचं दाभण आणलं. त्यानं भोक पडायचं, पण चामडं हळूहळू पुन्हा मिटायचं आणि सकाळी शाळेच्या घाईत काडी आत शिरायची नाही. छत्रीची काडी दगडावर घासून टोकदार केली, ती दुसऱ्या ठोक्याला वाकली. सायकलचा स्पोक झाला. एकदा ताईच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, ते मोडलं, आणि भूमितीच्या पेपराला तिला दुसरीचं मागून घ्यावं लागलं. शेवटी बाबांनी कंपनीत पोलादी नळीचा बोटभर तुकडा लेथवर लावून त्याच्या तोंडाला धार काढून आणली. खाली चिंचेच्या लाकडाचा ठोकळा, त्यावर पट्टा, पट्ट्यावर नळी आणि हातोडीचा एकच ठोका. स्वच्छ गोल भोक पडलं. बाबांनी पट्टा उजेडाकडे धरून त्या भोकातून आमच्याकडे पाहिलं. ते तसे हसणारे गृहस्थ नव्हते, पण त्या दिवशी हसले.

नळीत चामड्याची टिकली अडकून राहायची. ती सुईनं बाहेर काढायचं काम ताईचं. सुनंदाताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. कपाळाला मेण लावून ती त्यावर ती टिकली चिकटवायची, डोक्यावरून टॉवेल घ्यायची आणि पडवीभर नवरीसारखी मिरवायची. मी हसून हसून स्टुलावरून घसरायची. माझ्या लहानपणातलं चांगलं काय आठवतं असं कुणी विचारलं तर मला हेच आठवतं, आणि त्याचा मला राग येतो.

मग पंच आला. मुंबईला एका लग्नाला गेले असताना बाबांनी बाजारातून तो विकत आणला. पक्कडीसारखा, लाल रंगाच्या मुठींचा. त्याच्या एका जबड्यावर फिरतं चाक होतं आणि चाकावर बारीक ते जाड अशा सहा नळ्या. चाक फिरवलं की टिक टिक वाजायचं. हवी ती नळी समोर आणायची, पट्टा मधे धरायचा आणि मूठ दाबायची. ठोकळा नको, हातोडी नको. बाबा तो तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायचे. आमच्या आळीतली माणसं कमरेचे पट्टे, घड्याळाचे पट्टे, चपला घेऊन यायला लागली. बाबा सगळ्यांना भोकं पाडून द्यायचे आणि एक पैसा घ्यायचे नाहीत. लोक चांभार म्हणतील, असं आई एकदा कुरकुरली. बाबा म्हणाले, म्हणू दे, काम स्वच्छ हाय ना. आईच्या त्या बोलण्यातली घाण मला फार उशिरा दिसली. तेव्हा मला एवढंच वाटलं की माझ्या पायामुळे बाबांना कुणीतरी नाव ठेवणार आहे.

खरा चांभार पेणच्या एस.टी. स्टँडच्या भिंतीला बसायचा. म्हातारा होता, जाड चष्म्याचा. एकदा माझ्या बुटाचा तळ सुटला म्हणून बाबा मला त्याच्याकडे घेऊन गेले. त्यानं बूट बाजूला ठेवला आणि गुडघ्याचा पट्टा हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. त्याच्यापाशी आरी होती, लाकडी मुठीची, वापरून वापरून मूठ काळी झालेली. त्यानं बाबांना समजावून सांगितलं की आरी चामडं बाजूला सारते, आणि ही पंचाची भोकं चामडं काढूनच टाकतात. दोन भोकांत बोटभर अंतर पाहिजे. एवढी जवळ जवळ पाडलीत तर एक दिवस सगळी एकदम जातील. नवा पट्टा घाला, मी घालून देतो. बाबांनी तळ तेवढा शिवून घेतला. घरी येताना म्हणाले, त्याला गिऱ्हाईक पायजे. मग पडवीत बसवून त्यांनी मला पट्टा दाखवला. भोकं कशी एका रेषेत आहेत, कशी सारख्या अंतरावर आहेत. खरंच होती. टपालाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी.

असाच एक डॉक्टरही झाला. आमच्या शाळेत शिबिर भरलं होतं. त्या डॉक्टरनं माझा गुडघा वाकवून पाहिला आणि कागदावर लिहून दिलं की हिला वर्षाच्या आत मुंबईला आणा, एक छोटं ऑपरेशन लागेल आणि मापाचं नवीन कॅलिपर मिळेल. बाबांनी कागदाची चौघडी करून खिशात ठेवली. पुढच्या सुट्टीला त्यांनी कंपनीतून पोलादाचे दोन तुकडे आणले आणि माझ्या सळ्या स्वतःच वाढवल्या, स्क्रू लावून, इतक्या सफाईनं की जोड हाताला लागत नव्हता. मुंबईची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढे तिशीत गुडघा फारच दुखायला लागला तेव्हा मी आपण होऊन एका डॉक्टरला दाखवला. त्यानं विचारलं, बारा वर्षांच्या आत कुणी आणलं कसं नाही? मी म्हटलं, वडील फार हुशार होते. त्याला काही कळलं नाही. आता माझं कॅलिपर प्लॅस्टिकचं आहे आणि त्याला चिकटणाऱ्या पट्ट्या आहेत. कर्र करून उघडायच्या, दाबून लावायच्या. भोकांचा प्रश्नच मिटला.

मी नववीत गेले त्या सुमारास ताईला स्थळं पाहत होते. दोन ठिकाणी जमत आलेलं फिसकटलं. पहिल्यांनी कारण सांगितलं नाही. दुसऱ्यांकडच्या बाईंनी पोहे खाता खाता माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, ‘घराण्यात हाय काय हे?’ आईनं तापाची हकिकत सांगितली. ते लोक निघून गेले आणि आठवड्यानं नकार आला. त्यानंतर ताई माझी वेणी घालताना केस ओढायला लागली. मुद्दाम ओढत होती असं मी म्हणणार नाही. पण आधी ओढत नव्हती.

मे महिन्यात बाबांनी मला रोह्याला आत्याकडे नेऊन सोडलं. आत्या ही बाबांची थोरली बहीण, तिला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान कंपनीत कामाला होते आणि बोलायचे कमी. त्यांचं घर कुंडलिका नदीपासून चार पावलांवर. मागे फणसाची दोन झाडं. दुपारी कंपनीचा भोंगा व्हायचा, त्यावर आत्या भात वाढायची. मला तिथं आवडायचं. आत्या माझ्या पायाकडे पाहायची नाही, कारण ती सारखी माझ्याकडून कामं करून घ्यायची. फणसाचे गरे काढ, कोकमाची सोलं वाळत घाल, कैऱ्या किस. चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही दोघी लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसलो होतो आणि शेजारीण कुंपणावरून विचारत होती की पाहुणी कधीपर्यंत आहे. आत्या म्हणाली, शनिवारी पेणला सुनंदाला बघायला येतायत, ते उरकलं की जाईल. शेजारीण गेल्यावर मी विचारलं की मला कसं माहीत नाही. आत्यानं विळी आडवी केली. तिला खोटं बोलता यायचं नाही.

‘तुझ्या बापानं त्यांना सांगितलंय गो, एकच पोरगी हाय म्हणून,’ ती म्हणाली. ‘तू मनाला लावून घेऊ नको. लगीन झालं की सांगतील.’

मी कैऱ्या चिरत राहिले. सगळ्या चिरून झाल्या, मीठ लावून झालं. मला रडू आलं नाही. मला एकसारखं एवढंच दिसत होतं की बाबा कुणाच्या तरी घरी खुर्चीवर बसलेत, हातात चहाचा कप आहे आणि ते म्हणतायत, एकच. हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसेना. अजून दिसत नाही.

शनिवारी सकाळी आत्या नदीवर धुणं घेऊन गेली तेव्हा मी तिच्या फळीवरच्या डब्यातून भाड्यापुरते पैसे घेतले आणि स्टँड गाठला. एकटीनं एस.टी.त चढण्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या पायरीवर डावा पाय, मग दांड्याला लोंबकळून उजवा ओढून घ्यायचा. मागच्या माणसानं काखेत हात घालून मला वर चढवलं तेव्हा मी त्याचे आभार मानले नाहीत. पेणची गाडी समजून बसले ती अलिबागची निघाली. कंडक्टर भला होता. म्हणाला, वडखळला उतर, तिथनं पेणला ढिगानं गाड्या. निडीच्या आसपास गाडी खड्ड्यात आदळली आणि गुडघ्यापाशी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. मी फ्रॉकवरून हात दाबून बसले. एकच वाक्य मी रोह्यापासून घोकत होते. दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, मी यांची धाकटी. पुढचं काहीच मी ठरवलं नव्हतं.

वडखळच्या नाक्यावर शेवटच्या पायरीवरून खाली उतरताना गुडघ्याचा पट्टा गेला. आधी दोन भोकांमधलं चामडं फाटलं, मग पुढच्या दोनमधलं, आणि मग सगळीच, एका ओळीत, म्हातारा म्हणाला होता तशी. गुडघा पुढे आला आणि मी धुळीत बसले. गाडी निघून गेली. हायवेच्या कडेला मिठाचा एक ट्रक उभा होता. त्यातल्या काही गोण्या फुटल्या होत्या आणि खाडीकडच्या दोन बाया त्या खाली घेऊन शिवत होत्या. त्यांतली थोरली उठून आली. हातापायाला मिठानं भेगा पडलेली बाई. तिनं मला बगलेत धरून ट्रकच्या सावलीला नेलं, एका गोणीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग पट्टा पाहिला.

‘कुणी केल्यान ही भोकां?’ तिनं विचारलं.

मी सांगितलं, बाबांनी.

‘मग बाप कुठं हाय?’

मी म्हटलं, घरी. तिनं दाभणात सुतळी ओवली आणि पट्टा घ्यायला हात पुढे केला. मी तिला म्हटलं की दाभण मला द्या, मी करते. तिनं दाभण दिलं. मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या पट्ट्याला मी स्वतः कधी हात लावलेला नव्हता. फाटलेला भाग सोडून, पार मागे, जिथं बाबांचं एकही भोक नव्हतं तिथं मी टोक ठेवलं. बोटभर अंतर मोजलं. हातानं दाबलं तर टोक तेवढं रुतलं, पुढे शिरेना. मग त्या बाईनं दगड दिला. तिसऱ्या ठोक्याला दाभण आरपार गेलं आणि खाली धरलेल्या माझ्या तळव्यात घुसलं. रक्त आलं, बाईनं त्यावर मीठ नको लागायला म्हणून आपला पदर दाबला. दुसरं भोक मी गोणीवर ठेवून पाडलं. दोन्ही वाकडी झाली. त्यांतून सुतळी घेऊन मी पट्टा सळीला आवळून बांधला आणि उभी राहिले. गुडघा हलत नव्हता. मला त्या वेळी जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. आता घरी गेलं तरी चालेल आणि नाही गेलं तरी चालेल, असं काहीतरी ते होतं. त्या बाईनंच हात करून पेणची गाडी थांबवली आणि मला वर चढवलं. तिचं नाव मी विचारलं नाही.

आमच्या आळीत शिरले तेव्हा पापड तळल्याचा वास येत होता. पोह्याचे पापड आई मेमध्येच लाटायची आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवायची. पडवीत चपलांचे जोड होते. मी दारात उभी राहिले. खुर्चीवर एक तरुण माणूस, त्याच्या शेजारी टोपी घातलेले त्याचे काका आणि सतरंजीवर त्याची आई, सगळे महाडचे. ताई आईची पिवळी साडी नेसून खाली मान घालून बसली होती. बाबा सांगत होते की सुनंदा भरतकाम करते. मला पाहून ते बोलायचे थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या पायाकडे, सुतळीकडे, सुतळीवरच्या रक्ताकडे.

मुलाच्या आईनं पदरानं वारा घेत विचारलं, ‘ही कोण?’

बाबांनी उत्तर द्यायला वेळ लावला. किती लावला ते सांगता येत नाही, पण तेवढ्या वेळात मी माझं वाक्य म्हणू शकले असते. मी ताईकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं सतरंजीची दशी ओढत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

‘रोह्याची,’ बाबा म्हणाले. ‘माझ्या बहिणीची.’

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून काही मागताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भोक पाडताना ते विचारायचे, घट्ट होतंय काय, पण ते मागणं नव्हे.

मी म्हटलं, ‘मामा, आईनं निरोप दिलाय. फणस उतरवलेत, घेऊन जा म्हणाली.’

‘बरं,’ बाबा म्हणाले.

मुलाच्या आईनं मला शेजारी बसवून घेतलं. पायाला काय झालं, कधी झालं ते विचारलं. मी सांगितलं. ऊन लागलं असेल म्हणाल्या. मग आतून आई बाहेर आली, आणि तिनं माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. पाहुण्यांच्या बशांमधली, निळ्या काठाची, चमच्यासकट, वर खोबरं-कोथिंबीर आणि बाजूला दोन पापड. त्या बशा आम्ही पोरींनी कधी वापरलेल्या नव्हत्या. ‘घे गो बाय,’ आई म्हणाली, जशी परक्या पोरीला म्हणतात तशी. मी खाल्ले. सगळे खाल्ले. चांगले झाले होते.

पाहुणे गेले. ताई आत जाऊन साडी सोडत होती. संध्याकाळी बाबांनी देव्हाऱ्याखालचा खण उघडला, फडकं सोडलं आणि पडवीत पाट टाकून बसले. म्हणाले, आण तो पट्टा. मी दिला नाही. त्यांनी पुन्हा मागितला नाही. मी आत जाऊन लोखंडासकट झोपले, आणि दुसऱ्या दिवशी फणस आणायच्या निमित्तानं तेच मला परत रोह्याला सोडून आले. वाटेत ते म्हणाले की सुनंदाचं भलं झालं की सगळं नीट करू. हे वाक्य त्यांनी मनापासून म्हटलं असणार.

ताईचं जमलं. लग्नात मी आत्याची मुलगी म्हणून वावरले. दोन दिवस बाबांना मामा म्हटलं, आईला मामी. आत्याला आई म्हणताना जीभ अडखळायची, ती मात्र दर हाकेला ओ द्यायची. आळीतल्या बायकांना आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यांनी ते इमानेइतबारे पाळलं. वरातीला ताईनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, रागावू नको गो. मग मी रोह्यालाच राहिले. दहावी तिथं केली, पुढे नोकरीही तिथंच लागली. पट्टे रोह्याच्या बाजारातल्या चांभाराकडून नवे घालून घेतले. बाबा अधूनमधून यायचे, पायाकडे पाहायचे, पण पंच त्यांनी बरोबर आणला नाही. मी त्यांना मामा म्हणणं सोडलं आणि बाबा म्हणणं पुन्हा धरता आलं नाही. हाक न मारताही माणसाशी बोलता येतं. समोर जाऊन उभं राहायचं आणि सुरुवात करायची. त्यांच्याशी मी पुढे आयुष्यभर तशीच बोलले.

ताईला पहिला मुलगा झाला, त्याचं बारसं पेणला होतं. मी भाची म्हणून गेले. पाळणा झाल्यावर ताईच्या सासूबाई हात धुवायला म्हणून मागच्या दारी आल्या आणि मला म्हणाल्या की जरा बस. मी पायरीवर बसले. त्या शेजारी बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते त्या इतक्या सहजपणे म्हणाल्या की पहिल्यांदा मला नीट ऐकूच आलं नाही.

‘तू धाकटी, ते मला ठाऊक होतं गो. चौकशी केल्याशिवाय कोण पोरगी करतं? पेणला माझी मावसबहीण हाय, तिनं आधीच सांगितलं होतं, दोघी हायत, धाकटीचा पाय अधू हाय. पोरगी चांगली म्हणून आम्ही आलो. तू घरात दिसली नाहीस, म्हणून मी विचारणारच होते, तेवढ्यात तू दारात.’

मी विचारलं, मग ही कोण असं का विचारलंत?

‘त्यांनी सांगावं म्हणून,’ त्या म्हणाल्या. ‘मुलीच्या बापाला मी तोंडावर खोटं कसं पाडायचं? पुढं सांगतील, पुढं सांगतील म्हणून वाट बघितली. आता मी तरी कशाला काढू? तुमचं तुम्ही बघा.’

त्या उठून आत गेल्या. आत बायका पाळण्याची गाणी म्हणत होत्या. मी पायरीवर बसून राहिले. घुगऱ्या वाटायला मला कुणीतरी हाक मारेपर्यंत बसले होते, आणि मग उठून घुगऱ्या वाटल्या.

हे मी कुणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही. तिची मुलं मला मावशी म्हणतात. सख्खी काय आणि आतेबहीण काय, मुलांना ती मावशीच. भाषेनं आमची तेवढी सोय करून ठेवली आहे. बाबांना मात्र सांगायचं हे मी ठरवलं होतं, फक्त कधी ते ठरत नव्हतं. चार वर्षं मी ते जपून ठेवलं. बाबा रिटायर झाल्यावर एकदा मी पेणला गेले होते. आई देवळात गेली होती आणि ते पडवीत बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं, सासूबाईंच्या शब्दांत, एकही शब्द न गाळता. ते कोसळतील असं मला वाटलं होतं. तसं मला हवं होतं, हेही इथं लिहून टाकते. ते वाल सोलत राहिले. दोन बोटांत दाबून डाळिंबी पातेल्यात, साल परातीत. परात अर्धी भरल्यावर म्हणाले, ‘तुझ्या आईला बोलू नको. कुंदीला रोह्याला ठेवली म्हणून सुनंदाचं झालं, असं ती धरून हाय. तिला टेकायला तेवढंच हाय.’

मला म्हणायचं होतं की मला टेकायला काय आहे. पण ते विचारायचं तर त्यांना हाक मारावी लागली असती.

दोन वर्षांनी आई गेली. शेवटचे पंधरा दिवस मी रजा काढून तिच्यापाशी होते. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते, केस फार थोडे राहिले होते. तिनं मागे हात करून माझं मनगट धरलं. म्हणाली, तू त्या दिवशी शहाण्यासारखी वागलीस गो, तुझ्यामुळं सुनंदाचा संसार उभा राहिला, नायतर काय झालं असतं.

बाबा दारातच उभे होते.

मी म्हटलं, ‘व्हय, आई.’